बालपणी किडनीला इजा झालेल्यांसाठी रत्नागिरीतील एक दवाखाना : अनुभव आणि मत

रत्नागिरीत मारुती मंदिराच्या परिसरात, मुख्य रस्त्यापासून जरा आत, एका जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर एक लहानसा दवाखाना आहे. कोल्हापूरचे एक किडनीविकारतज्ज्ञ एक शनिवार आड आंबा घाट उतरून तेथे येतात आणि सकाळपासून शेवटचा रुग्ण तपासून होईपर्यंत बसतात. डायलिसिसवर असलेले, मधुमेहाने किडनी खराब झालेले, मुतखड्याने बेजार झालेले असे सर्व प्रकारचे रुग्ण तेथे असतातच. पण मी ज्या सेवेविषयी लिहीत आहे ती थोडी वेगळी आहे. लहानपणी कधीतरी किडनीला जबर इजा होऊन जे बरे झाले आणि आता ज्यांना वरवर काहीही त्रास नाही, अशा मोठ्या माणसांची वर्षातून एकदा ठरवून तपासणी करण्याची सोय या दवाखान्याने ठेवली आहे. दवाखान्याचे नाव मी मुद्दाम देत नाही, कारण शनिवारची गर्दी आताच त्यांना पेलवत नाही. ज्याला खरोखर गरज आहे त्याला त्या भागातील औषधाच्या दुकानांत चौकशी केल्यावर तो सापडेल. माझे मत आरंभीच सांगते. येथे औषधांपेक्षा नोंदींना अधिक किंमत आहे आणि त्यामुळेच ही सेवा घेण्याजोगी आहे. रुग्णांना निरोप देण्याच्या आणि रांग सांभाळण्याच्या बाबतीत मात्र ती कच्ची आहे.

मी मूळची राजापूर तालुक्यातील. चौथीत असताना काजूच्या बागेत पालापाचोळा गोळा करताना मला घोणस चावली. आमच्याकडे कातळावर फुरशी पावलोपावली असतात आणि सर्पदंश म्हटला की पहिला संशय फुरशावरच जातो. परंतु किडनी निकामी करण्याच्या बाबतीत घोणशीचे विष अधिक कुप्रसिद्ध आहे. या विषाने रक्त गोठण्याची यंत्रणा कोलमडते, रक्तदाब खाली जातो, किडनीतील बारीक रक्तवाहिन्यांत गुठळ्या होतात आणि विषाचा थेट परिणाम मूत्रनलिकांच्या आतील पेशींवरही होतो. प्रतिविष मिळाले, जीव वाचला, पण लघवी बंद झाली आणि मला कोल्हापूरला हलवून डायलिसिसवर ठेवावे लागले. काही आठवड्यांनी लघवी पूर्ववत झाली, क्रिएटिनिन (किडनी नीट गाळत नसली की रक्तात साठणारे टाकाऊ द्रव्य) उतरले, आणि घरी सोडताना दिलेल्या कार्डावर ‘पूर्ण बरी’ असा शेरा पडला. त्या कार्डावर पुढे कधी, कोणाकडे, कशासाठी दाखवायचे याविषयी एक अक्षर नव्हते, आणि आईवडिलांनीही मुलगी वाचली यातच सारे भरून पावले.

या दवाखान्यात माझ्यासारखे जे लोक भेटतात त्यांच्या कहाण्यांची सुरुवात निरनिराळी असते. कोणाला भातलावणीच्या दिवसांत लेप्टो, म्हणजे दूषित पाण्या-चिखलातून होणारा लेप्टोस्पायरोसिस हा जंतुसंसर्ग, झालेला असतो, कोणाला रक्ताची हगवण लागून त्यातून रक्तपेशी फुटण्याचा आणि किडनी बंद पडण्याचा तो विकार झालेला असतो ज्याला डॉक्टर ‘एचयूएस’ म्हणतात, कोणाला घसा किंवा त्वचेच्या संसर्गानंतर अंगावर सूज येऊन लालसर लघवी झालेली असते, तर कोणी अपुऱ्या दिवसांचे जन्मून काचेच्या पेटीत आठवडेच्या आठवडे काढलेले असतात. सर्वांचा शेवट मात्र एकच असतो: ‘बरे झाले, आता काही नाही’. रांगेत माझ्या शेजारी बसलेल्या विजयदुर्गाकडच्या एका गृहस्थांनी हीच गोष्ट आमच्या मालवणीत विचारली होती, “माझ्या चेडवाक (मुलीला) आता कायच त्रास नाय, मगे दरवर्षी रगत कित्याक काढूचा?”

प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर डॉक्टर प्रत्येक नव्या रुग्णाला, कितीही गर्दी असली तरी, कागदावर आकृती काढून देतात. माणसाच्या प्रत्येक किडनीत रक्त गाळणारे सरासरी दहा लाख सूक्ष्म घटक असतात, त्यांना नेफ्रॉन म्हणतात. ते गर्भातच तयार होतात, साधारण छत्तिसाव्या आठवड्याच्या सुमारास ही निर्मिती संपते, आणि त्यानंतर आयुष्यात एकही नवा नेफ्रॉन तयार होत नाही. लहानपणीच्या इजेत काही नेफ्रॉन कायमचे गेले, तर उरलेले त्यांचे काम अंगावर घेतात. घरातील एक कर्ता माणूस गेल्यावर उरलेल्यांनी त्याच्या वाटणीचे काबाडकष्ट उपसावेत तसे हे असते. सुरुवातीची कित्येक वर्षे बाहेरच्याला काही उणे दिसत नाही. परंतु अधिक दाबाखाली सतत काम केल्याने उरलेले गाळणारे घटकही हळूहळू कठीण होतात, त्यांतून अल्ब्युमिन हे प्रथिन लघवीत झिरपू लागते, रक्तदाब चढतो, आणि चढलेला रक्तदाब पुन्हा त्याच घटकांचे नुकसान करतो. रक्तातील क्रिएटिनिन या सगळ्याची खबर फार उशिरा देते, कारण किडनीची जवळजवळ निम्मी क्षमता गेल्याखेरीज ते सर्वसाधारण मर्यादेबाहेर जाईलच असे नसते. म्हणूनच केवळ क्रिएटिनिन पाहून दिलेला ‘सर्व ठीक’ हा शेरा अपुरा ठरतो.

याला मोठ्या अभ्यासांचा आधारही आहे. इस्रायलमध्ये सैन्यभरतीपूर्वी तपासल्या गेलेल्या पंधरा लाखांहून अधिक किशोरवयीनांची माहिती पुढे सुमारे तीस वर्षे पाहिली गेली आणि तिचे निष्कर्ष २०१८ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आले. ज्यांना बालपणी किडनीचा आजार होऊन गेला होता, पण भरतीच्या वेळी किडनीचे काम आणि रक्तदाब व्यवस्थित होता, त्यांच्यात पुढे डायलिसिस किंवा प्रत्यारोपणापर्यंत जाण्याचा धोका इतरांच्या सुमारे चौपट आढळला. तो अभ्यास जन्मजात दोष, किडनीपर्यंत गेलेला जंतुसंसर्ग आणि गाळणाऱ्या घटकांचे आजार यांच्याविषयी होता, सर्पदंशाविषयी नव्हता, हे डॉक्टर स्वतःहून सांगतात. अभ्यासाची मर्यादा सांगण्याची अशी काळजी फार थोडे लोक घेतात. चौपट हा शब्द ऐकून घाबरून जाण्याचे कारण नाही, कारण तरुण वयात मूळ धोकाच फार लहान असतो आणि त्याची चौपटही बहुतेकांच्या बाबतीत लहानच राहते. अतिदक्षता विभागात तीव्र इजा झालेल्या मुलांना एक ते तीन वर्षांनी तपासले असता साधारण दहांतील एकाला दीर्घकालीन किडनीविकार असल्याचे २०१२ मधील एका कॅनेडियन अभ्यासात दिसले होते. त्याच वर्षीच्या ‘केडिगो’ या आंतरराष्ट्रीय गटाच्या मार्गदर्शक सूचनांत, अशा इजेनंतर तीन महिन्यांनी रुग्णाला पुन्हा तपासून किडनी पूर्ववत झाली की नाही हे पाहावे, असे नमूद आहे. आमच्या पिढीला ते तीन महिने कोणी मोजून दिले नाहीत.

आता प्रत्यक्ष सेवेकडे वळते. पहिल्या भेटीत सर्वांत जास्त वेळ जुनी कागदपत्रे पाहण्यात जातो. माझे ‘पूर्ण बरी’वाले कार्ड आईने रेशनकार्डाच्या पिशवीत जपून ठेवले होते, त्यावरचे सर्वांत वर चढलेले क्रिएटिनिन, डायलिसिस किती वेळा झाले, लघवी किती दिवस बंद होती, हे सारे डॉक्टरांनी माझ्या नव्या फाईलच्या पहिल्या पानावर उतरवून घेतले, कारण इजा जितकी खोल आणि जितकी लांबलेली, तितकी पुढची काळजी अधिक. ज्यांच्याकडे कागद नसतात त्यांना त्या काळच्या रुग्णालयाच्या नोंदी मिळतात का ते पाहायला सांगतात, आणि न मिळाल्यास आईला किंवा आजीला फोन लावून विचारतात. एका तरुणाच्या आजीने फोनवरून, नातू किती दिवस ‘फुगलेला’ होता हे सणवारांच्या हिशेबाने इतके नेमके सांगितले की डॉक्टरांनी ते तसेच लिहून घेतले.

त्यानंतर रक्तदाब. हा भाग मला विशेष सांगावासा वाटतो, कारण इतरत्र तो इतक्या घाईने उरकला जातो की त्या आकड्याला फारसा अर्थ राहत नाही. येथे सिस्टर आधी लघवीला जाऊन यायला सांगतात, मग पाठ टेकेल अशा लाकडी खुर्चीत बसवतात, पाय एकावर एक टाकू देत नाहीत, हात टेबलावर छातीच्या पातळीला ठेवतात आणि म्हणतात, “पाच मिनिटं काही बोलू नका, मग पट्टा बांधते.” दंडाच्या घेराप्रमाणे वेगवेगळे पट्टे आहेत. पहिला आकडा घेऊन एका मिनिटाने दुसरा घेतात आणि दोन्ही लिहितात. घाटातून, एसटीतून, उन्हातून आलेल्या माणसाचा जिना चढताक्षणी घेतलेला रक्तदाब आणि हा रक्तदाब यांत किती फरक पडतो, हे माझ्या फाईलमध्ये दोन निरनिराळ्या दवाखान्यांच्या चिठ्ठ्या शेजारी ठेवल्या की दिसते. बालपणी किडनी दुखावलेल्या माणसाला तिशीतच उच्च रक्तदाब होऊ शकतो आणि वयाकडे पाहून तो कोणाच्या ध्यानात येत नाही, म्हणून या पाच मिनिटांना मी पूर्ण गुण देते.

लघवीची तपासणी सकाळच्या पहिल्या नमुन्यावर होते आणि त्यात अल्ब्युमिन व क्रिएटिनिन यांचे गुणोत्तर काढतात. नेहमीच्या पट्टीच्या तपासणीत थोडे अल्ब्युमिन निसटून जाते. गुणोत्तरात ते सापडते. ३० मिलिग्रॅम प्रति ग्रॅमच्या आत असेल तर ठीक, ३० ते ३०० मध्ये सावधगिरी, आणि त्यापुढे उपचार टाळता येत नाहीत, असा साधारण हिशेब आहे. आकडा वाढलेला आला तर ताप, लघवीचा संसर्ग, पाळी किंवा आदल्या दिवशीची अतिश्रमाची कामे यांमुळे तो फुगलेला नाही ना, हे पाहण्यासाठी पुन्हा नमुना मागतात. रक्त दरवर्षी एकाच लॅबमध्ये द्यावे असा त्यांचा आग्रह असतो, कारण क्रिएटिनिन मोजण्याच्या पद्धती वेगळ्या असतात आणि ०.८ वरून ०.९५ वर गेलेला आकडा किडनीचा की यंत्राचा, हे मग कळेनासे होते. पहिल्या वर्षी सोनोग्राफी करून दोन्ही किडन्यांची लांबी लिहून ठेवतात. ती दरवर्षी करायला लावत नाहीत, याचेही मला कौतुक वाटते.

एका गोष्टीने मात्र मी थक्क झाले. अठरा वर्षांखालील मुलांची किडनी किती वेगाने रक्त गाळते ते उंची आणि क्रिएटिनिनवरून काढतात, आणि प्रौढांसाठी वय, लिंग व क्रिएटिनिनवर आधारलेले दुसरे सूत्र वापरतात. १६० सेंटिमीटर उंचीच्या, ०.९ क्रिएटिनिन असलेल्या मुलीचा गाळण्याचा वेग मुलांच्या प्रचलित सूत्राने ७३ येतो, आणि अठरावा वाढदिवस होताच प्रौढांच्या २०२१ च्या सूत्राने तो ९५ होतो. एका रात्रीत किडनी सुधारलेली नसते. कागदावरचे गणित बदललेले असते. याच वयाला मुले बालरोगतज्ज्ञांकडे जाणे थांबवतात, शिक्षणासाठी मुंबई-पुण्याला जातात, आणि हातात पडलेला तो गोंडस आकडा त्यांना पुन्हा दवाखान्याची पायरी चढू देत नाही. डॉक्टर अशा मुलांच्या फाईलवर दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहितात आणि पंचविशीपर्यंत वर्षातून एकदा यायला लावतात. बालरोगतज्ज्ञांकडून प्रौढांच्या डॉक्टरांकडे जाण्याचा हा जो मधला काळ आहे, तोच या रुग्णांच्या दृष्टीने सर्वांत धोक्याचा आहे, आणि संपूर्ण किनारपट्टीवर त्यासाठी जाणीवपूर्वक काही करणारी दुसरी जागा माझ्या पाहण्यात नाही.

औषधे बेतानेच दिली जातात. लघवीत अल्ब्युमिन जात असेल तर रॅमिप्रिल किंवा टेल्मिसार्टन या गटांतील गोळी, जी रक्तदाबाबरोबरच गाळणाऱ्या घटकांवरचा दाबही कमी करते. काही रुग्णांना अलीकडे डापाग्लिफ्लोझिनही देतात, जे मूळचे मधुमेहाचे औषध असले तरी मधुमेह नसलेल्या किडनीविकारातही उपयोगी असल्याचे २०२० मध्ये सिद्ध झाले आहे. सर्वांना एक छापील पत्रक मिळते. त्यात अंगदुखीसाठी आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक अशा गोळ्या परस्पर घेऊ नयेत, धातूंची भस्मे असलेली औषधे टाळावीत, जुलाब-उलट्या लागल्यास रक्तदाबाची ठरावीक गोळी काही दिवस थांबवून डॉक्टरांना कळवावे, आणि रंगद्रव्य टोचून सीटी स्कॅन करायचा असल्यास आधी जुनी हकीकत सांगावी, एवढे लिहिलेले आहे. आहाराचा भाग मात्र कोकणातल्या माणसाने लिहिल्यासारखा आहे आणि म्हणून तो पाळला जातो. मीठ दिवसाला पाच ग्रॅमच्या आत, आणि त्या पाच ग्रॅममध्ये सुकट, सुके बोंबील, खारवलेला बांगडा, खारातल्या कैऱ्या हे सगळे धरायचे, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. किडनी आधीच कमजोर असलेल्यांसाठी करमळाचा इशाराही आहे: परसदारी लागणारे, कापल्यावर चांदणीसारखे दिसणारे हे आंबट फळ, त्यातील ऑक्झलेट आणि मेंदूवर परिणाम करणाऱ्या एका द्रव्यामुळे, अशा रुग्णांत उचकीपासून बेशुद्धीपर्यंत त्रास देऊ शकते. उलट, ज्यांच्या रक्तात पोटॅशियम ठीक आहे त्यांना शहाळे किंवा सोलकढी उगाच बंद करायला सांगत नाहीत. ‘किडनी म्हणजे डाळ बंद’ हा जो समज गावोगाव रुजला आहे, त्यालाही येथे थारा नाही.

माझ्यापुरते सांगायचे, तर या सेवेचा खरा उपयोग बाळंतपणात झाला. लहानपणी किडनीला इजा होऊन पूर्ण बऱ्या झालेल्या स्त्रियांनाही गरोदरपणात रक्तदाब वाढून लघवीत प्रथिने जाण्याचा, म्हणजे प्रीएक्लॅम्प्सियाचा, धोका अधिक असतो. माझ्या लघवीत थोडे अल्ब्युमिन आधीपासून होते आणि टेल्मिसार्टन चालू होते. ही गोळी गर्भाला घातक असल्याने गर्भधारणेचा विचार करत असल्याचे सांगताच डॉक्टरांनी ती बदलून लॅबेटॅलॉल दिले, गरोदरपणाआधीचे सर्व आकडे एका पानावर लिहून माझ्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या नावे पत्र दिले, आणि तीन महिने पुरे होताच कमी मात्रेचे ॲस्पिरिन सुरू करण्याविषयी त्यांच्याशी फोनवर बोलले. गरोदरपणात क्रिएटिनिन एरवीपेक्षा खाली यायला हवे, ०.९ हा आकडा इतर वेळी निर्धास्त करणारा असला तरी तेव्हा तो शंका घेण्याजोगा असतो, ही एक ओळ त्या पत्रात अधोरेखित केलेली होती. स्त्रीरोगतज्ज्ञांनी ते पत्र माझ्या फाईलला सर्वांत वर टाचले. सातव्या महिन्यात रक्तदाब चढला तेव्हा तुलनेसाठी जुने आकडे हाताशी होते आणि कोणाला अंधारात तीर मारावा लागला नाही.

आता उणिवा. नंबर फोनवरून लावता येत नाही; सकाळी लवकर येऊन वहीत नाव लिहावे लागते, आणि दापोली-गुहागरकडून पहिल्या एसटीने येणाऱ्या माणसाचा नंबर त्यामुळे दुपारनंतरच लागतो. त्यात डायलिसिसचे गंभीर रुग्ण मध्येच आत घ्यावे लागतात, ते योग्यच आहे, परंतु वार्षिक तपासणीवाल्यांसाठी वेगळी वेळ ठेवली तर दोघांचीही सोय होईल. पावसाळ्यात आंबा घाटात दरड कोसळून रस्ता बंद झाला की डॉक्टर येऊ शकत नाहीत. याला कोणाचा इलाज नाही, पण आदल्या रात्री साधा मेसेज टाकणे तरी शक्य आहे. एका जुलैत आम्ही सारे ओले होऊन बाकांवर बसलो होतो आणि डॉक्टर येणार नसल्याचे अकरा वाजता कळले. जी मुलगी टेबलावर असते तिला फोन उचलायला सवड नसते, आणि तिची अडचण मी समजू शकते. दुसरा माणूस नेमण्याचा निर्णय तिच्या हाती नाही.

छापील पत्रक मराठीत आहे, तपासणीचा सारांश मात्र इंग्रजीतच मिळतो. तो दुसऱ्या डॉक्टरांसाठी असतो हे खरे असले तरी तळाशी ‘यंदाचे आकडे, पुढची तारीख, काय टाळायचे’ एवढ्या तीन ओळी मराठीत आल्या, तर रुग्णाच्या घरातही कोणीतरी तो वाचेल. याहून मोठी उणीव म्हणजे बालरोगतज्ज्ञांशी त्यांचा बांधलेला असा काही दुवा नाही. येथे येणारे बहुतेक जण ऐकीव माहितीवर येतात; जिल्ह्यातील रुग्णालयांतून घरी जाणाऱ्या मुलांच्या कार्डावर ‘तीन महिन्यांनी आणि नंतर दरवर्षी रक्तदाब व लघवी’ एवढे जरी लिहिले गेले, तरी पुढच्या पिढीला आमच्यासारखे वीस वर्षांनी जागे व्हावे लागणार नाही. हे काम एका खासगी दवाखान्याचे नाही, तरी सुरुवात करण्याइतकी ओळखपाळख डॉक्टरांची नक्कीच आहे.

खर्चाच्या दृष्टीने, तपासणी शुल्क आणि लॅबचे पैसे धरून वर्षाकाठी मला हजार-दीड हजारांच्या आसपास पडतात, आणि ते खिशातूनच द्यावे लागतात. डायलिसिससाठी शासकीय योजना आहेत. डायलिसिसची वेळ येऊ नये म्हणून केलेल्या या तपासणीला मात्र मला कोणत्याही योजनेतून काही मिळाले नाही, हा आपल्या आरोग्यव्यवस्थेचा उफराटा न्याय आहे.

जायचे ठरवल्यास शुक्रवारीच रत्नागिरीत मुक्कामाला यावे, शनिवारी सकाळची पहिली लघवी लॅबच्या स्वच्छ डबीत घेऊन थेट खालच्या मजल्यावरील लॅबमध्ये द्यावी आणि मगच वर जाऊन वहीत नाव घालावे, म्हणजे नंबर येईपर्यंत रिपोर्ट तयार असतो. जुनी कार्डे, गोळ्यांची रिकामी पाकिटे आणि गेल्या वर्षभरात कोठेही काढलेला रक्तदाब लिहिलेली चिठ्ठी बरोबर ठेवावी. पावसाळ्यात निघण्यापूर्वी साखरप्याच्या बाजूने घाट चालू आहे की नाही हे एसटी स्थानकात विचारून घ्यावे. दवाखान्याच्या फोनवर विसंबू नये.